राजयक्ष्मा कोणाच्या घरी राहतो?

क्षयरोगाला आपल्या जुन्या वैद्यकात 'राजयक्ष्मा' असे नाव आहे. नक्षत्रांचा राजा जो चंद्र, त्याला हा रोग प्रथम जडला, अशी पुराणकथा त्यामागे सांगतात. नाव असे राजेशाही असले, तरी या रोगाचा मुक्काम राजवाड्यात क्वचितच असतो. एका खोलीत सात-आठ माणसे निजतात, अशा घरी तो अधिक रमतो. 'रोगाला गरीब-श्रीमंत कळत नाही,' असे आपण सहज बोलून जातो. जंतूंपुरते ते खरे असेल. माणसांपुरते ते खरे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोगी खोकला, की क्षयाचे जंतू हवेत मिसळतात. जेथे खिडक्या मोठ्या आणि माणसे थोडी, तेथे वारा त्यांना उधळून लावतो व ऊन त्यांचा नाश करते. परंतु जेथे खिडकीसमोरच दुसऱ्या इमारतीची भिंत उभी असते, तेथे ते तासन्‌तास रेंगाळतात. मुंबईत गोवंडीच्या बाजूस झोपड्यांतून हलविलेल्या कुटुंबांसाठी अशाच खेटून इमारती बांधल्या गेल्या. ज्या खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, तेथे क्षयाचे रोगी अधिक असल्याचे पुढे पाहणीत आढळले. डोक्यावर पक्के छप्पर आले. ऊन मात्र हिशेबात धरायचे राहून गेले.

जंतू श्वासावाटे आत गेला, म्हणजे माणूस आजारी पडलाच असे नाही. सशक्त शरीर त्याला वर्षानुवर्षे दाबून ठेवते. अन्न कमी पडू लागले, की तो डोके वर काढतो. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ साली हा जंतू शोधला आणि त्यावरील पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती आले १९४३ साली. तथापि इंग्लंडमध्ये क्षयाने होणारे मृत्यू त्याच्या कितीतरी आधीपासून घटत होते. त्या घटीचे श्रेय या औषधाला देता येत नाही. बरेच विद्वान ते सुधारलेल्या अन्नाला व घरांना देतात.

आपल्या देशातील दाखला याहून बोलका आहे. झारखंडमध्ये डॉक्टर अनुराग व माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना सहा महिने शिधा दिला. माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या! २०२३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होणाऱ्यांचे प्रमाण इतर घरांच्या मानाने सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी भरले. डाळभाताचे हे सामर्थ्य आपल्या आजीबाईंना ठाऊक होते; आता ते शास्त्रानेही मोजून दाखविले.

सरकारी दवाखान्यात क्षयाचे औषध फुकट मिळते, आणि ही मोठीच सोय आहे. परंतु ते बहुधा सहा महिने घ्यावे लागते, आणि रोजंदारीवरच्या माणसाचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल संकटात. रोग्याच्या आहारासाठी सरकार २०१८ पासून दरमहा पाचशे रुपये देत असे. २०२४ च्या अखेरीस ते एक हजार झाले. मुलांनो, हजाराला तिसाने भागून पाहा. दिवसाला तेहेतीस रुपये येतात. त्यात मुंबईसारख्या शहरात लिटरभर दूधही मिळत नाही. बरे, अर्धा लिटर आणले, तरी समोर भुकेली मुले बसलेली असताना आजारी आई ते एकटी पिईल काय? काही दाते अशा कुटुंबांना शिधा पुरवितात, त्यांचे कौतुकच आहे. परंतु हा शिधा कोणाच्या मर्जीवर राहू नये. औषध जसे हक्काने मिळते, तसाच तो रोग्याच्या घरातील प्रत्येक माणसाच्या नावाने हक्काने मिळाला पाहिजे.