विश्लेषण : तेल पाण्यावर तरंगते, मग ते सांडपाण्यातून काढणे अवघड का?

भोसरी, चाकण, वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत लेथ आणि सीएनसी यंत्रांवर दुधासारखे पांढरे पाणी सोडले जाते. त्याला म्हणतात कूलंट. धातू कापताना तापू नये म्हणून पाण्यात कालवलेले हे तेल. खराब झालेले कूलंट थेट गटारात गेले, तर पुढे ते वेगळे करणे कठीण आणि महाग होते.

अडचण कुठे आहे?

तेल हलके म्हणून वर येते. पण किती वेगाने, हे थेंबाच्या आकारावर ठरते. थेंब दहापट लहान झाला की वर येण्याचा वेग शंभरपट घटतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १५० मायक्रॉनच्या थेंबाला एक मीटर वर यायला १५ मिनिटे लागत असतील, तर १५ मायक्रॉनच्या थेंबाला २५ तास लागतात. कूलंटमधले थेंब याहूनही बारीक असतात. शिवाय ते एकत्र येऊ नयेत म्हणून त्यात साबणासारखी रसायने मुद्दाम घातलेली असतात.

मग ते काढतात कसे?

आधी पाणी संथ टाकीतून नेऊन वरचा तवंग काढतात. यात मोठे थेंबच सापडतात. बारीक थेंबांसाठी आम्ल, तुरटी किंवा फेरिक क्लोराइड घालून साबणाची पकड मोडावी लागते. त्यानंतर दाबाखाली हवा विरघळवलेले पाणी टाकीत सोडतात. सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे सूक्ष्म बुडबुडे उठतात आणि तेलाला चिकटून ते वर आणतात. जिवाणूंची प्रक्रिया शेवटी. तेल आधी काढले नाही, तर त्याचा थर जिवाणूंचा प्राणवायू अडवतो आणि सामायिक प्रक्रिया केंद्राचे सारे गणित बिघडते.

पाणी वाढवून भागेल का?

नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल व ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. एक लिटर तेल या मर्यादेत बसवायला सुमारे ९० हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर. एवढे करूनही नदीत तेल जायचे तेवढेच जाते.

उपाय काय?

तेल यंत्रापाशीच अडवणे सर्वांत स्वस्त. कूलंट वेगळ्या पिंपात साठवावे, फरशी धुतलेल्या पाण्यात मिसळू नये. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. ते अधिकृत पुनर्प्रक्रियाकाराकडेच जायला हवे. मात्र चार यंत्रांच्या कारखानदाराला स्वतःची प्रक्रिया यंत्रणा परवडत नाही. त्याच्यासाठी वसाहतीतच तेल आणि कूलंट गोळा करण्याची सामायिक सोय हवी. तपासणीही शेवटच्या नळाच्या नमुन्यावर थांबू नये. कारखान्याने किती तेल विकत घेतले आणि किती परत दिले, हा हिशेब मागितला, तर गटारात गेलेले तेल कागदावर दिसेल.