मूर्ती पेणची, हात कुणाचे?

श्रावण संपत आला की आमच्या मुडबीच्या बाजारात एकच चौकशी सुरू होते, "पेणचा माल आला का?" टेम्पो येतो, पेंढ्यात गुंडाळलेल्या मूर्ती उतरतात, आणि ज्याच्या खिशाला परवडते तो बजावून विचारतो, "अस्सल पेणचीच ना?" दुकानदार कानडीतून होकार भरतो, गिऱ्हाईक मराठीतून घासाघीस करते आणि देव घरी जातो. यात वावगे ते काय, असे कुणीही विचारील. मला त्यात बरेच वावगे दिसते. ते येथे सांगणार आहे, आणि सीमाभागातल्या माझ्या मराठी बांधवांना ते कडू लागणार याचीही कल्पना आहे.

आधी माझाच गुन्हा सांगतो, म्हणजे पुढे दुसऱ्यांना बोलण्याचा अधिकार राहील. काही वर्षांपूर्वी आमच्या हायस्कुलातल्या नववीच्या एका मुलाने शाळेसाठी काळ्या मातीचा गणपती घडवून आणला. घर कुंभाराचे. गणपतीचे कान पोळ्याच्या बैलासारखे, सोंड जाडजूड, डोळे काजळाने ओढलेले. पण बैठक अशी, की गावातला एखादा म्हातारा दिवसभराचे काम आटोपून पारावर टेकला आहे. शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. एक प्रतिष्ठित पालक म्हणाले, "सर, शाळेची शोभा राहिली पायजे की. पेणची मूर्ती मी देतो." मी "बरं" म्हणालो. मुलाची मूर्ती कपाटावर ठेवून दिली. दहा दिवसांनी पाहिले तर ती पोटापासून गळ्यापर्यंत तडकलेली. मुलगा आला, काही न बोलता ती पोत्यात घालून घेऊन गेला. त्यानंतर दहावी होईपर्यंत त्याने शाळेत हाताने केलेली एकही वस्तू आणली नाही. त्या हायस्कुलाचा मुख्याध्यापक मीच होतो, आणि मराठी संस्कृती टिकली पाहिजे अशी भाषणेही मीच करीत होतो.

पुढच्या मे महिन्यात एका लग्नानिमित्त पनवेलला गेलो होतो. ज्या गावापुढे आमच्या मुलाचा गणपती हिणकस ठरला ते गाव एकदा पाहावे, म्हणून पेणला उतरलो. रायगड जिल्ह्यातले, भोगावतीच्या काठचे हे लहानसे तालुक्याचे गाव. नदी पुढे खाडीला मिळते. जवळच अंतोऱ्याचे जुने बंदर, अवतीभवती खारबंदिस्तीची भातशेती आणि मिठागरे. विनोबांचे जन्मगाव गागोदे याच तालुक्यात. मला वाटले होते, कलेचे गाव म्हणजे काही भव्य पाहायला मिळेल. प्रत्यक्षात गल्लीबोळांत घराला घर लागून गणपतीचे कारखाने. ओटीवर साचे, पडवीत वाळत घातलेल्या मूर्ती, माजघरात रंगाचे डबे, आणि त्यांतूनच वाट काढत कुणीतरी पापडाचे सूप उन्हात नेते आहे. हमरापूर, जोहे या शेजारच्या गावांतही हेच. विसर्जन आटोपले की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षीचे काम सुरू होते, आणि परदेशी जायच्या मूर्ती सणाच्या कितीतरी महिने आधी बोटीवर चढतात.

एका कारखान्यात कॉलेजात जाणारी एक मुलगी डोळ्यांची आखणी करीत बसली होती. मूर्तीत सर्वांत अवघड काम हेच. हात हलला की देवाची मुद्रा बिघडते. ती श्वास रोखून एक रेघ ओढी, आणि मग आईशी संध्याकाळच्या भाजीविषयी बोले. मी मालकांना आमच्या भागात त्यांच्या मूर्तींना केवढा मान आहे ते सांगितले. ते खूश झाले. मग सहज म्हणाले, "एवढ्या लांब कशाला नेता, सर? बिदरकडं कुंभार नाय का उरलं?"

मला उत्तर देता आले नाही. कुंभार आहेत. त्यातल्याच एकाच्या नातवाची मूर्ती मी कपाटावर तडकू दिली होती.

वाचकहो, पेणचे खरे वैशिष्ट्य मला त्या माजघरात कळले. तिथली माणसे तुमच्याआमच्यासारखीच आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देवधरांसारख्या घराण्यांनी मूर्तिकामाला तिथे वळण लावले, टिळकांच्या सार्वजनिक उत्सवाने पुढे मागणी वाढवली, आणि हळूहळू साऱ्या पंचक्रोशीचे हात त्यात गुंतले. पिढ्यान्‌पिढ्या रोज, स्वयंपाकपाणी आणि शाळा-शेती सांभाळून, बसकी नाके आणि वाकडे डोळे काढीत काढीत ते हात तयार झाले. पेणच्याही पहिल्या मूर्ती काही आजच्यासारख्या रेखीव नसणार. पण त्या गावाने आपल्या पोरांचे वाकडे डोळे हसण्यावारी नेऊन दुसरीकडून मूर्ती मागवल्या नाहीत. आम्ही नेमके तेच केले. पेणची मूर्ती विकत घेऊन आम्ही पेणचे अनुकरण करतो असे समजतो, पण करतो ते पेणच्या अगदी उलट.

आता आक्षेप घेतो. पहिला आक्षेप असा, की आपण येथे भाषिक अल्पसंख्य. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. महाराष्ट्रातून येणारी मूर्ती, पुस्तक, नाटक हीच आपली नाळ, ती तोडायची काय? मी म्हणतो, पुस्तके जरूर आणा, नाटकेही आणा. पण ज्या घरात सर्व काही आणलेलेच असते आणि केलेले काहीच नसते, त्या घरातली भाषासुद्धा एक दिवस आणलेली होते. सणावारी काढायची आणि पुन्हा ट्रंकेत ठेवायची! आपल्या पोरांना मराठी येते, पण मळायची, थापायची, शेकायची, सांधायची मराठी येते का? 'लीद', 'चाळण', 'आवा' हे शब्द माझ्या दहावीच्या वर्गात विचारले तेव्हा दोनच हात वर आले. काम गेले की त्याबरोबर त्या कामाची भाषाही जाते. तिला वाचवायला कुठलाही ठराव पुरा पडत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. पेणवाले तरी शाडू गुजरातेतून आणतात, मग आपल्या मातीचे एवढे कौतुक कशाला? मुद्दा बरोबर आहे. मातीचे सोवळे माझेही नाही. माती कुठूनही आणा, हात इथले लावा, एवढेच म्हणणे. शिवाय 'अस्सल पेणची' म्हणून आपण जे आणतो त्यात शाडू किती आणि प्लॅस्टर किती हे कधी विचारले आहे? प्लॅस्टर हलके, लवकर सुकते, प्रवासात कमी फुटते, स्वस्त पडते. कारागिराने ते का धरले हे मी समजू शकतो. पावसाळी हवेत शाडू सुकता सुकत नाही आणि पोट तर रोज भरायचे असते. पण ते पाण्यात विरघळत नाही. कर्नाटकात २०१६ साली प्लॅस्टरच्या मूर्तींवर बंदीचा आदेश निघाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये तशाच सूचना काढल्या. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये अशा मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक जलाशयात त्या सोडायला नाही. या ओढाताणीत पेणच्या घराघराची झोप उडाली, आणि तिचे कारण काही अंशी आपणच आहोत. उंच, चकचकीत आणि स्वस्त ही मागणी आपली. मागणाराने नामानिराळे राहून कारागिराला आणि पाण्याला दोघांनाही दोष देऊ नये.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण मनात असतो. इथली कला 'आपली' नाही, ती कानडी, ती उर्दू. बिदरीकामाचेच पाहा. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार ठोकून, बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून तिला काळी झळाळी द्यायची, ही विद्या आपल्या जिल्ह्याच्या गावी शतकानुशतके चालू आहे. २०२३ साली तेथील शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. आपल्या किती मराठी घरांनी आपल्या पोरांना ते काम एकदा नेऊन दाखवले? जिल्ह्यातली ही कला ओलांडून आपण कोकणात 'आपली' कला शोधायला जातो.

आणि हे 'आपले-त्यांचे' या मातीला मुळी ठाऊकच नव्हते. आमच्याच तालुक्यातल्या कल्याणच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. राजा कर्नाटकाचा, ग्रंथ संस्कृत, आणि त्यात नोंद कशाची? महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात याची! चित्र कसे काढावे याचे सविस्तर प्रकरणही त्यात आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी एका राजाला मुसळाच्या तालावरचे बायकांचे गाणे लिहून ठेवण्याजोगे वाटले, आणि मला, एम. ए. झालेल्या मुख्याध्यापकाला, कुंभाराच्या पोराचा गणपती कपाटावर टाकण्याजोगा वाटला. कन्नड शरणांत कुंभार गुंडय्या आहे, मडकी घडवताना त्याच्या तालावर शिव नाचला अशी कथा. आपल्या संतांत तेरचा गोरोबा आहे, माती तुडवताना देहभान विसरलेला. दोघांचा देव चिखलात उतरला. आमचा मात्र टेम्पोतून उतरतो आणि पावती मागतो.

मग करायचे काय? मी कुणाला पेणची मूर्ती आणू नका असे म्हणत नाही. त्या आखणी करणाऱ्या मुलीच्या पोटावर पाय द्यायचा माझा हेतू नाही. ज्यांना आणायची त्यांनी शाडूची मागून, योग्य दाम मोजून आणावी. पण घरातल्या पोरांच्या हातांना वर्षातून चार वेळा तरी माती लागू द्या. मण्णेत्तिन अमावास्येला शेजारचे कानडी घर मातीचे बैल करते. तुमची पोरे तिथे पाठवा. पोळ्याचे बैल विकत आणू नका. मुलांनी केलेल्या बैलाचे शिंग मोडले तर मोडू द्या. आणि शाळांनी, माझ्यासकट, चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकायची खोड सोडावी.

त्या मुलाच्या आजोबांकडे मी मागाहून गेलो. मूर्ती का तडकली ते त्यांनी सांगितले. काळी माती एकटी वापरली की सुकताना भेगाळतेच. तिच्यात राख आणि चाळलेली लीद मिसळायची, आणि सावलीत हळूहळू वाळवायची. "पोराला ठाव नव्हतं, आनि मला कुनी इचारलं न्हाई," ते म्हणाले. गेल्या गणेशचतुर्थीपूर्वी ते आठवडाभर शाळेत येऊन बसले. शाळेतला गणपती मुलांनी केला. कान थोडे बैलाचेच झाले. मुलगा मात्र आता पुण्याकडे एका गोदामात कामाला आहे. त्याला निरोप धाडला होता, तो आला नाही. त्याच्यावर रागवायचा हक्क मला नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पाडवा तोंडावर असेल. अंगणात शेणाचे पांडव मांडायची रीत तुमच्या घरात अजून असेल, तर या वर्षी ते पोरांना करू द्या. कुणी हसले तर त्याला गप्प करा. मी त्या दिवशी केले नव्हते.