अंगण खरेच वाकडे असेल तर?

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपल्याला इतकी लाडकी आहे, की अंगण एकदा तरी पाहून यावे असे कुणालाच वाटत नाही. खेळाच्या मैदानावर तर ती हुकमाच्या पानासारखी टाकली जाते. धनुर्विद्येपुरते मात्र मला या म्हणीशी भांडायचे आहे. बाण भलतीकडे गेला की "नेम नाही" असा शेरा मारून मोकळे होता येते. पण तो बाण त्या धनुष्याचा होता का, हा प्रश्न आधी विचारावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे भांडण हवेतले नाही. आमच्याबरोबर सराव करणारी एक मुलगी एका निवडीच्या मैदानावर गेली होती. मैदान कुठले ते इथे महत्त्वाचे नाही. तिचे बाण तिचेच होते. धनुष्य मात्र ऐनवेळी दुसऱ्याचे मिळाले. तिने सहा बाण सोडले. सहाही बाण तळहाताएवढ्या जागेत बसले, पण ती जागा मध्यापासून हातभर डावीकडे होती. गुण पडले नाहीत, आणि नाव वगळले गेले. आता मला सांगा, ज्याला नेम नसतो त्याचे सहा बाण एका तळहाताच्या जागेत बसतात का? त्याचे बाण सहा दिशांना जातात. एकाच जागी चुकणारे बाण म्हणजे नेम असल्याचा पुरावा! (जुन्या मराठीत 'शिस्त' या शब्दाचा एक अर्थ नेम असाच आहे, शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. मुलीने शिस्त पाळली होती, चुकली ती जोडी.)

जोडी म्हणजे काय ते थोडे उलगडून सांगतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण साध्या धनुष्याच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो. दोरी पूर्ण ओढली की बाणाचे टोक लक्ष्याकडे पाहते. पण दोरी सुटली की ती धनुष्याच्या मध्याकडे धाव घेते, आणि बाणाचा पुढचा भाग मुठीच्या जाडीमुळे मध्यापासून दूर, डावीकडेच राहतो. हिशेबाने पाहिले तर प्रत्येक बाण डावीकडे गेला पाहिजे. तसा तो जात नाही, कारण सुटताना तो सरळ राहतच नाही. मागून दोरीचा धक्का बसतो, पुढे टोकाचे वजन अडून बसते, आणि मधला दांडा वाकतो. मग तो उलट्या बाजूला वाकतो, पुन्हा इकडे, आणि असा सळसळत मुठीला वळसा घालून निघून जातो. ओढ्यातला मासा दगडाला वळसा घालतो ना, तसा. रॉबर्ट एल्मर या अमेरिकन धनुर्धराने याला 'धनुर्धराचा विरोधाभास' असे नाव दिले, आणि १९३० च्या दशकात क्लॅरन्स हिकमन या शास्त्रज्ञाने अतिवेगवान चित्रीकरण करून हे वाकणे डोळ्यांना दाखवून दिले.

सारी मेख या वाकण्यात आहे. दांडा गरजेपेक्षा कडक असला तर त्याला वळसा घालता येत नाही. तो डावीकडे फेकला जातो. नरम असला तर जास्त वाकून उजवीकडे जातो. डावखुऱ्याचे सगळे उलटे. आणि 'कडक' किंवा 'नरम' हे एकट्या बाणावर ठरत नाही. तोच बाण ताकदीच्या धनुष्यात नरम वागतो आणि हलक्या धनुष्यात कडक. मूठ रुंद असेल तर तो कडक वाटू लागतो. दांडा लांब ठेवला किंवा टोक जड केले तर नरमतो. कापून आखूड केला की पुन्हा ताठ होतो. म्हणून एका धनुष्यावर गुणी ठरलेला बाण दुसऱ्यावर उनाड ठरतो, तो बिचारा बदललेला नसताना.

मग प्रत्येक धनुष्याला वेगळे बाण घ्यावेत, असे कुणी म्हणेल. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावेत. डोणगावसारख्या गावात सोयाबीनचा भाव पडला की घरात पहिली कात्री वह्यापुस्तकांना लागते; बाण तर फार दूर राहिले. आमच्याकडे धनुष्ये तीन आणि बाण एक डझन, असा संसार आहे. दोन धनुष्ये 'इंडियन राउंड' स्पर्धेतली, म्हणजे बांबू-लाकडाची, ३० आणि ५० मीटरवर मारायची. त्यातले एक हलके, एक चांगलेच ताकदीचे. तिसरा कामठा सातपुड्याच्या पायथ्याचा, जळगाव जामोदच्या बाजूने आलेला. तो अखंड बांबूचा, मुठीत रुंद, आणि त्याची दोरीदेखील बांबूच्या चिपेची. आमच्या मेहकर तालुक्यात असा कामठा फारसा दिसत नाही, पण जिल्ह्याच्या उत्तर टोकाला भिलाला, कोरकू यांच्या वस्त्यांत त्याचे नवल कुणाला वाटत नाही.

आम्ही आधी बाण तपासले. त्याची जुनी रीत अगदी घरगुती आहे. २६ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर दांडा आडवा ठेवायचा, मधोमध दोन पौंडांचे, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅमचे वजन टांगायचे आणि दांडा किती इंच झुकला ते मोजायचे. २६ ला त्या आकड्याने भागले की तो दांडा साधारण किती पौंडांच्या धनुष्याला चालेल ते कळते. अर्धा इंच झुकला तर ५२ पौंड. यंत्र नको, प्रयोगशाळा नको. किराणा दुकानातले वजन आणि फूटपट्टी पुरे. आमच्या बारांपैकी दहा बाण भावंडांसारखे निघाले, दोन सावत्र. ते दोन बाजूला काढले. वेगवेगळ्या स्वभावाचे बाण एकत्र ठेवून कुठलेच धनुष्य जुळवता येत नाही.

मग कुटार भरलेली पोती रचून पंधरा पावलांवरून सुरुवात केली. आमच्यातल्या काहींचे मत होते की दोन्ही टोके सोडून मधल्या धनुष्याला बाण जुळवावेत. मला ते पटले नाही, आणि अजूनही पटत नाही. विचार असा करावा: बाण नरम पडत असेल, उजवीकडे जात असेल, तर धनुष्याच्या अंगाला, जिथे बाण घासतो तिथे, चामड्याची पट्टी चिकटवली की तो मध्यापासून थोडा दूर सरकतो आणि रेषेत येतो. हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि नको असेल तेव्हा पट्टी काढता येते. उलट बाण कडक पडत असेल तर मूठ तासावी लागते. तासलेले लाकूड परत येत नाही, आणि तासता तासता धनुष्य मोडूही शकते. म्हणजे ज्या धनुष्याला सर्वांत नरम बाण लागतो, त्याला बाण जुळवावेत आणि बाकीच्यांना चामडे लावावे.

आमच्याकडे ते धनुष्य म्हणजे सातपुड्याचा रुंद कामठा. त्यावरून बाण डावीकडे पळत होते. टोकामागे तांब्याची बारीक तार गुंडाळत गेलो, दहाही बाणांना सारखी, वजन करून. वेढे वाढले तसे बाण मध्याकडे सरकले. त्यानंतर तेच बाण उरलेल्या दोन धनुष्यांतून सोडले, तर अपेक्षेप्रमाणे उजवीकडे! जुन्या चपलेच्या पट्ट्याचे चामडे कामी आले. हलक्याला एक थर, ताकदीच्याला दोन. एक अडचण तेवढी वेगळी होती. चिपेची दोरी जाड, सुताची बारीक, त्यामुळे बाणाची खाच एकीवर घट्ट बसे आणि दुसरीवरून गळून पडे. सुताच्या दोरीवर खाच बसते तेवढ्या जागी दोरा गुंडाळून तीही जाड केली. सूताच्या दोरीला पीळ देऊन ती आखूड-लांब करता येते, ही आणखी एक सोय. चिपेला पीळ देता येत नाही, कामठा जसा बांधला तसाच घ्यावा लागतो.

यात एक मर्यादा आहे, ती विसरू नये. नरम आणि हलका बाण फार ताकदीच्या धनुष्यात घालणे धोक्याचे. दांडा फुटला तर त्याची सळई थेट धनुष्य धरलेल्या हातात शिरते. प्रत्येक बाण सोडण्यापूर्वी हाताने किंचित वाकवून, कानाशी धरून, कुठे तडा वाजतो का ते पाहावे. शिवाय स्पर्धेला जाताना पट्टी नियमात बसते की नाही हे आधीच विचारून घ्यावे.

ही सगळी माहिती नवी आहे असा माझा दावा नाही. उलट ती फार जुनी असावी. महाभारतात एकलव्याने अंगठा दिल्यानंतर तो उरलेल्या बोटांनी बाण मारू लागला, पण पूर्वीचा वेग राहिला नाही, असे सांगितले आहे. आपण त्यातली गुरुदक्षिणा लक्षात ठेवतो, मैदानावरची गोष्ट सोडून देतो. अंगठ्याने दोरी ओढणारे लोक बाण सहसा धनुष्याच्या उजव्या अंगाला ठेवतात. बोटांनी ओढणारे डाव्या. अंगठा गेला म्हणजे एकलव्याला दोरी सोडण्याची रीत बदलावी लागली, आणि बहुधा बाणाची बाजूही. साऱ्या जोडीचीच नव्याने जुळणी. तरीही त्याने धनुष्य सोडले नाही. भिल्लांमध्ये अंगठा न लावता बाण सोडण्याची रीत याच कथेशी जोडली जाते.

आता निवड करणाऱ्यांविषयी. राजस्थानातल्या आदिवासी खेड्यातला लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर वाढला. १९८७ साली सरकारी निवडीत तो सापडला आणि १९८८, १९९२, १९९६ अशी तीन ऑलिंपिक खेळला. त्याला कुणीतरी नवे धनुष्य दिले आणि त्याच्याशी जुळवून घ्यायला वेळही दिला. आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण हवे असेल तर बुलढाण्याचा प्रथमेश जवकार घ्या. २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात त्याने सुवर्ण जिंकले, त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णही. तो कंपाउंड धनुष्य वापरतो. तिथे बाण तक्त्यावरून निवडतात, बाणाचा आधार केसभर इकडेतिकडे सरकवता येतो, आणि तो सरकवण्यात तासन्‌तास घालवणे हा सरावाचाच भाग मानतात. श्रीमंत साधनाला जी सवलत आपण बिनतक्रार देतो, ती बांबूला नाकारायची आणि वर म्हण ऐकवायची, हा न्याय मला तरी कळत नाही.

"साधनांना दोष देणारा खेळाडू आळशी होतो," असे आमचे एक सर म्हणतात. त्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. वाईट सुटणारी बोटे कुठल्याही चामड्याने सुधारत नाहीत. पण बोटे वाईट आहेत की जोडी, हे ओळखण्याची खूण समोर पोत्यावर असते: बाण विखुरले तर खेळाडूकडे पाहा, एकत्र बसून चुकले तर धनुष्याकडे. निवडीच्या वेळी गुणांबरोबर ही खूणही वहीत टिपावी आणि परके धनुष्य हातात आलेल्याला मोजणीआधी सहा बाण मोकळे द्यावेत. वेळ किती जाईल? माणशी दहा मिनिटे.

आमच्यापुरते आम्ही तिन्ही धनुष्यांना दोऱ्याने एकेक चिठ्ठी बांधली आहे: चामड्याचे थर किती, दोरी मुठीपासून किती बोटे, तारेचे वेढे किती. पावसाळ्यात बांबू ओल धरतो, म्हणून हे आकडे दिवाळीनंतर पुन्हा घ्यायचे आहेत. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी संध्याकाळी पाचनंतर मैदानावर यावे. पोती रचायला माणसे कमी पडतात.