पिंजऱ्याचे दार उघडले म्हणजे झाले का?

आमच्या शेजारच्या रेल्वे क्वार्टरमधले तात्या गेल्या वर्षी निवृत्त झाले. क्वार्टर सोडून कल्याणला मुलाच्या दोन खोल्यांत जायचे होते. सामान बांधून झाले आणि मिठूचा पिंजरा तेवढा ओट्यावर उरला. नातवाला दम्याचा त्रास, म्हणून तिकडे पोपट चालणार नव्हता. तात्यांनी चार घरी विचारले, चारही घरी नकार मिळाला. शेवटी मला म्हणाले, "बाळा, तू कॉलेजात जातोस, तुला समजतं. याचं काहीतरी चांगलं कर."

माझे वडील गँगमन. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. 'तुला समजतं' हे शब्द ऐकून छाती फुगली. स्वातंत्र्यावर निबंध लिहून बक्षीसही मिळवले होते. दुसऱ्याच दिवशी पिंजरा घेऊन उंटदरीच्या कड्यावर गेलो आणि दार उघडले.

मिठू बाहेर येईना. मी हात घालून त्याला बाहेर काढले. तो चार हात फडफडला आणि एका झुडपावर कसाबसा बसला. पंधरा वर्षे तो हातभर पिंजऱ्यात राहिला होता. दोन कावळे आले, मागून आणखी आले. मी दगड मारीत धावलो, पण आषाढातले धुके दरीतून वर आले आणि काही दिसेना. "तात्या, तात्या" अशी हाक तेवढी दोनदा ऐकू आली. मग तीही थांबली.

तात्यांना मी सांगितले, "उडाला." आज प्रथमच खरे लिहीत आहे.

मित्रहो, ही चूक माझ्या एकट्याची नव्हे. पोपट पाळणे जमेनासे झाले की आपण दोनच वाटा धरतो. एक तर त्याला कुणाच्या तरी गळ्यात बांधतो, नाही तर 'पुण्य' म्हणून सोडून देतो. ज्याचे पंख वर्षानुवर्षे कातरले, ज्याला भिजवलेली डाळ आणि मिरची आयती वाटीत मिळाली, त्याला झाडावरचे फळ शोधणे कोणी शिकवले? घार कशी ओळखावी, हे कोणी सांगितले? रानात पोपट हे सारे थव्यात शिकतो. थव्यावाचून दिलेले आकाश ही त्याला शिक्षाच.

गळ्याला कडी असलेला आपला हा पोपट पाळणे मुळात गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे; तो विकता येत नाही, विकत घेता येत नाही, घरात ठेवता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला, तरीही ढोलीतून काढलेली पिल्ले चोरून विकली जातातच. परिणाम असा, की ज्याच्या घरी म्हातारा पोपट आहे तो वनखात्याच्या दारात जायला घाबरतो. पक्ष्याच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याच्या भीतीनेच पक्षी कड्यावरून सोडला जातो!

वाट नाही असे नाही. नागपुरात सेमिनरी हिल्सवर २०१५ पासून वनविभागाचे उपचार केंद्र आहे. आपल्या नाशिकलाही म्हसरूळला असे केंद्र आहे. पाळीव पोपटाला रानात परत पाठवायचे तर आधी त्याची तपासणी हवी, कातरलेले पंख पुन्हा येईपर्यंत थांबायला हवे, मोठ्या जाळीघरात इतर पोपटांबरोबर उडण्याचा सराव हवा. ज्याला उडणे जमणारच नाही, त्याला जन्मभर सांभाळायला हवे. वनविभागाचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. मला तो त्या दिवशी ठाऊक नव्हता, बी.ए.च्या कुठल्याही पेपरात तो येत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की दरवर्षी एक पंधरवडा वनविभागाने तालुक्यात जाहीर करावा आणि त्या काळात जो आपणहून पोपट आणून देईल त्याच्यावर खटला भरू नये. कोणी म्हणेल, गुन्हेगाराला माफी कशाला? माफी नकोच, पण शिक्षा पिल्ले विकणाऱ्याला व्हावी. तात्यांसारख्याला धाक दाखवून पक्षी वाचत नाही. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच शिबिरात घरोघर जाऊन हे का सांगू नये? आणि नवे पिल्लू घेऊ नका, हेही त्याच दारात सांगावे.

मी पहिल्या वर्षी या कॉलेजात आलो तेव्हा फाटक उघडेच होते. पण फीमाफीचा अर्ज कुठे मिळतो, ग्रंथालयाचे कार्ड कसे काढतात, हे सांगणारे घरी कोणी नव्हते. एका सरांनी हाताला धरून खिडकीपर्यंत नेले, म्हणून मी टिकलो. नुसत्या उघड्या दाराची किंमत मला ठाऊक असायला हवी होती.

मिठूचा रिकामा पिंजरा अजून आमच्या माळ्यावर आहे. आई म्हणते, भंगारात देऊन टाक. मी देत नाही. दुसऱ्या कुणी त्यात पोपट ठेवायला नको.