गावी परतलेल्या मुलांची भाषा 'बिघडते' का?



मागच्या दिवाळीनंतर माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीची आई मला भेटायला आली. कुटुंब मूळचं आपल्या वडनेरचंच. वडील बारा वर्षं चाकणला कारखान्यात होते. मुलगी तिकडेच जन्मली, तिसरीपर्यंत तिकडेच शिकली. आबाजींना एकट्यानं शेती झेपेना, म्हणून मे महिन्यात सगळे परत आले. ताईंची तक्रार अभ्यासाबद्दल नव्हती. "मॅडम, पोरगी आता 'मले', 'तुले' म्हणून राहिली. तिकडं राहून आम्ही तिची भाषा नीट ठेवली होती, आन् इथं सहा महिन्यांत बिघडली."

हे सांगताना ताई स्वतः 'म्हणून राहिली'च म्हणाल्या. मी ते त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही.

आपल्या हिंगणघाट तालुक्यात असं कुटुंब नवीन नाही. 2020 च्या टाळेबंदीत तर पुण्या-मुंबईकडची कितीतरी घरं एकदम गावी आली. तेव्हा शाळाच बंद होत्या, त्यामुळे मुलांच्या बोलीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. आता एखाददुसरं मूल वर्गात येतं आणि लगेच उठून दिसतं.

आधी माझी चूक सांगते. जूनमध्ये ही मुलगी आली, तेव्हा मी तिला रोज उभं करून धडा वाचायला लावायची आणि वर्गाला म्हणायची, "बघा, कशी शुद्ध बोलते!" मला वाटलं, बाकीच्यांना वळण लागेल. झालं उलटंच. पोळ्यापर्यंत वर्गातली नेहमीची बोलकी पोरं हात वर करेनाशी झाली. तिला 'पुनेवाली' नाव पडलं आणि लंगडीच्या खेळात तिला कोणी घेईना. चूक पोरांची नव्हती. मीच तिला वर्गापासून वेगळं काढून ठेवलं होतं.

मग तिनं तिचा मार्ग स्वतःच शोधला. आधी शब्द आले: 'पोट्टे', 'कावून', 'कायले'. मग 'मला'चं 'मले' झालं, 'माझ्याजवळ'चं 'माह्याजोय'. त्यानंतर 'काय करतेस' जाऊन 'काय करून राहिली' आलं. एक दिवस फाटकापाशी ती ओरडली, "आबाजी, उद्या मले घ्यायले लवकर येजा!" आबाजींचा चेहरा काय खुलला होता! हेल मात्र अजून पुरता इकडचा नाही. वाक्याच्या शेवटी ती अजूनही चाकणला असते.

हा क्रम माझ्या कल्पनेतला नाही. कॅनडातून इंग्लंडमध्ये राहायला गेलेल्या दोन कुटुंबांतल्या सहा मुलांचा अभ्यास जे. के. चेंबर्स या भाषाशास्त्रज्ञानं 1992 मध्ये प्रसिद्ध केला. तिथंही शब्द आधी बदलले, उच्चार मागून. त्याचं म्हणणं असं, की सात वर्षांच्या आतलं मूल नवी बोली जवळजवळ हमखास पूर्ण उचलतं, चौदाच्या पुढचं बहुधा उचलत नाही, आणि मधल्या वयात काय होईल ते सांगता येत नाही. आपली चौथीतली पोर नेमकी त्या मधल्या वयात आहे. म्हणून तिच्या तोंडी एकाच वाक्यात 'मला' आणि 'येजो' सापडतं. ही धांदल आजार नव्हे. ती वर्गात आपली जागा करून घेतेय.

आता 'शुद्ध' या शब्दाविषयी. वर्धा जिल्हा 1956 पर्यंत मध्य प्रांतात, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशात होता आणि त्याची राजधानी होती नागपूर. शेजारी हिंदी. आपल्या 'करून राहिला'त 'कर रहा है'चा वास येतो तो उगाच नाही. क्रमिक पुस्तकांची मराठी एकोणिसाव्या शतकात घडली ती मुख्यतः पुणे-मुंबईकडे. ती सगळ्यांना वाचता-लिहिता यावी हे मला मान्यच आहे. पण ती आली म्हणजे आपली चुकीची ठरली, हे कुठून आलं? मराठीतलं पहिलं मोठं गद्य, म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र', तेराव्या शतकात रिद्धपूरला लिहिलं गेलं. रिद्धपूर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे.

पण ताईंची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. त्या पुढे म्हणाल्या, "तिच्या बाबाले तिकडं पहिल्या दिवशी सगळे हासले होते, मॅडम. वर्षभर ते जेवायच्या सुट्टीत बोलत नव्हते." याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. उद्या ही मुलगी शिकायला पुण्याला गेली तर तिलाही कोणी हसेल. त्यावर उपाय म्हणून आज तिला आबाजींच्या बोलीची लाज वाटायला लावायची का, एवढंच मी त्यांना विचारलं.

आणि एक खरं नुकसान मलाही दिसलं होतं, ते लपवत नाही. ऑक्टोबरच्या श्रुतलेखनात तिनं 'पाणी'चं 'पानी' आणि 'डोळा'चं 'डोया' लिहिलं. हे दुरुस्त करायलाच हवं. तेव्हापासून मी एक पथ्य पाळते: लाल पेन वहीत चालतो, तोंडावर नाही. मधल्या सुट्टीतलं बोलणं मी सुधारत नाही. भिंतीवर एक मोठा कागद लावलाय. डावीकडे 'घरी आपण म्हणतो', उजवीकडे 'पुस्तकात लिहितो'. रोज दोन-तीन शब्दांची भर पोरंच घालतात. उजवी बाजू या मुलीला तोंडपाठ, डावी बाकीच्यांना, त्यामुळे दोघांनाही एकमेकांची गरज लागते. हात पुन्हा वर यायला लागलेत, सगळे नाही, पण बरेच.

शिक्षक मित्रांनो, असं मूल वर्गात आलं तर त्याला नमुना म्हणून उभं करू नका, एवढी विनंती. आणि पालकहो, मुलाला घरी 'गावंढळासारखं बोलू नको' म्हणताना पलीकडे आजी-आबाजी बसलेत का, तेवढं बघा.

ताईंचं पूर्ण समाधान झालं नाही. परवा त्या पुन्हा भेटल्या. मुलगी फोनवर चाकणच्या मैत्रिणीशी बोलते तेव्हा चक्क पहिल्यासारखंच बोलते, फोन ठेवला की लगेच आजीला हाक मारून 'मले भूक लागली' म्हणते, असं सांगत होत्या. तक्रार करत होत्या की कौतुक, ते मला कळलं नाही.