माऱ्याची जागा आता संगणकामागे

राज्यघटनेतील एका शब्दालाही हात न लावता, केवळ कारभाराची पद्धत बदलून राज्यघटना निकामी करता येते, हा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत दिला होता. कारभाराचा एवढा तपशील राज्यघटनेत कशाला कोंबला, या टीकेला ते उत्तर देत होते. त्या काळी कारभार फायलीत होता, आज तो संगणकात गेला आहे. कायदा विधिमंडळात होतो, त्यावर चर्चा होते, तो राजपत्रात छापला जातो. परंतु ऑनलाइन अर्जातील कोणत्या रकान्यापुढे लाल तारका लावायची, हे कोण ठरवतो? त्याची चर्चा कोणत्या सभागृहात होते? त्या तारकेचा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ज्याच्याजवळ तो कागद नाही, त्याचा हक्क कायद्यात शाबूत राहतो आणि पडद्यावर संपतो. म्हणजे ती तारका लावणारा माणूस कायदाच करीत असतो. फक्त त्याला कोणी निवडून दिलेले नसते.

ई-शासन हा विषय इंजिनिअर आणि सचिवांचा आहे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे अजूनही काही कार्यकर्त्यांना वाटते. हा समज आपल्याला महागात पडत आहे. माऱ्याच्या जागा काबीज करा, असे बाबासाहेबांनी सांगितले. आपण तलाठ्याच्या, तहसीलदाराच्या, सचिवाच्या खुर्चीकडे पाहत राहिलो आणि दरम्यान माऱ्याची जागाच उठून संगणकामागे गेली.

विकसनशील देशांत ई-शासनाचे काय झाले, याचा हिशेब मँचेस्टर विद्यापीठाचे अभ्यासक रिचर्ड हीक्स यांनी २००३ मध्ये मांडला होता. त्यांच्या अंदाजानुसार अशा देशांतील ३५ टक्के प्रकल्प पूर्णपणे फसले, ५० टक्के अंशतः फसले आणि यशस्वी ठरले ते केवळ १५ टक्के. कागदावर रंगवलेले चित्र आणि गावातली वस्तुस्थिती यांत जेवढी दरी, तेवढी अपयशाची शक्यता मोठी, हे त्यांच्या विवेचनाचे सार. अशा अपयशानंतर हमखास एक उपाय सांगितला जातो, तो म्हणजे कणखर नेतृत्व आणा. पण नेतृत्व म्हणजे काय? एखादा धडाडीचा साहेब?

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याचे उदाहरण घ्या. निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी असलेल्या या जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये ‘ज्ञानदूत’ सुरू झाला. गावोगावच्या सूचनालयात बाजारभाव, जमिनीचे उतारे, दाखल्यांचे अर्ज, तक्रारी अशा सोयी आल्या. हातपंप बिघडल्याची तक्रार जिल्ह्याच्या ठिकाणी न जाता नोंदवता येऊ लागली. त्याच वर्षी स्टॉकहोमचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि जगभरचे पाहुणे धारला येऊ लागले. पुढे काय झाले? विजेचा आणि टेलिफोनच्या तारांचा भरवसा नव्हता. सूचनालयात येणाऱ्यांत गरीब कमी आणि स्त्रिया त्याहून कमी, असे अभ्यासकांना आढळले. ज्या अधिकाऱ्यांनी जीव ओतला, त्यांची बदली झाली आणि प्रकल्पाचा जोर ओसरला. साहेबाच्या उत्साहावर उभे राहिलेले काम साहेबाबरोबरच गेले. राजकारणातील भक्ती हा अधःपतनाचा आणि अंती हुकूमशाहीचा मार्ग आहे, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बजावले होते. प्रशासनातील भक्तीचीही तीच गत होते. कर्तबगार अधिकाऱ्याचे कौतुक जरूर करावे; पण त्याच्या बदलीनंतरही जो हक्क टिकतो, तोच खरा हक्क.

दुसरे उदाहरण कर्नाटकच्या ‘भूमी’चे. हे यशस्वी ठरलेल्यांपैकी आहे आणि ते मान्य केले पाहिजे. सुमारे ६७ लाख खातेदारांच्या दोन कोटी नोंदी संगणकात गेल्या. २००२ पर्यंत १७७ तालुक्यांत केंद्रे उघडली, १५ रुपयांत उतारा मिळू लागला. राजीव चावला या अधिकाऱ्याने अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि हस्तलिखित उतारे बाद ठरवण्याचा निर्णय सरकारने घेतला. गाव-लेखापालाच्या दारात ताटकळणे आणि त्याच्या हातावर पैसे ठेवणे कमी झाले. हे काही थोडे काम नव्हे.

पण २००७ मध्ये सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूभोवतीच्या भागाचा अभ्यास करून दुसरी बाजू पुढे आणली. जमिनीची माहिती एका ठिकाणी आल्याने बड्या खरेदीदारांचे आणि दलालांचेही काम सोपे झाले. संगणकाने फक्त मालकाचे नाव पाहिले. जो कसतो, राबतो, पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट करतो, पण ज्याचे नाव दप्तरात नाही, तो संगणकाला दिसलाच नाही. जुन्या दप्तरात जो अन्याय शाईने लिहिला होता, तो आता डिजिटल सहीने पक्का झाला.

महाराष्ट्रातील भूमिहीनांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, हजारो माणसे तुरुंगात गेली, गायरान जमिनी कसल्या गेल्या. पुढे शासनाने ती अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णयही काढले. तरीही असंख्य कसणाऱ्यांचे नाव सातबाऱ्यावर चढलेच नाही. सातबारा ऑनलाइन झाला तेव्हा त्यांच्या वाट्याला काय आले? जी नोंदच नाही, तिची डिजिटल नक्कल कुठून निघणार?

भटक्या-विमुक्तांची कहाणी तर याहून दाहक आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० चा आणि भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ चा वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांना गावाने वस्ती करू दिली नाही, ज्यांच्यावरचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये उठला, त्यांनी १९६१ मध्ये आपण कुठे राहत होतो याचा कागद आणायचा कोठून? सरकारदरबारी त्यांची नोंद होती ती पोलिसांच्या हजेरीबुकात. ही अट संगणकाने घातलेली नाही, ती जुनीच आहे. पण पूर्वी एखादा भला अधिकारी गृहचौकशी करून, पंचांचे जबाब घेऊन वाट काढत असे. पडद्यावरच्या ‘कागदपत्र जोडा’ या सूचनेला जबाब घेता येत नाही. तिला एक तर फाईल हवी, नाही तर अर्ज अडलेला.

मग संगणक नकोच, असे म्हणायचे का? मुळीच नाही. यंत्राला शिव्या देणाऱ्यांच्या पंक्तीला बाबासाहेब कधी बसले नाहीत. दोष यंत्राचा नाही, यंत्राचे लाभ काही थोड्यांच्याच हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, ही त्यांची भूमिका होती. गावगाड्याच्या दप्तरापुढे हात जोडून उभे राहणे काय असते, हे आपल्या आजोबांना विचारा. ज्या खिडकीत आडनाव ऐकून कपाळाला आठी पडत नाही, ती खिडकी आपल्याला हवीच आहे. प्रश्न एवढाच की त्या खिडकीचे नियम कोण लिहितो आणि कोणाला विचारून लिहितो.

हे नियम कोणत्या क्रमाने आले, तेही तपासा. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी एका आदिवासी महिलेला देण्यात आला. या योजनेचे नेतृत्व ‘इन्फोसिस’चे सहसंस्थापक नंदन नीलेकणी यांच्याकडे होते. मात्र या क्रमांकासाठीचे विधेयक २०११ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने नाकारले आणि कायदा झाला तो २०१६ मध्ये. म्हणजे अंगठे आधी घेतले गेले, कायदा सहा वर्षांनी आला. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कल्याणकारी योजनांसाठी आधार मान्य केला. अंगठा जुळला नाही म्हणून कोणाचा लाभ नाकारला जाऊ नये, ही भूमिकाही त्या निकालात नोंदली गेली. पण निकाल दिल्लीत राहतो आणि यंत्र रेशनच्या दुकानात असते. राबून राबून बोटांच्या रेषा पुसल्या गेलेल्या मजुराला निकालाचा परिच्छेद माहीत नसतो. त्याला ऐकू येते ते एवढेच, “जुळत नाही, उद्या या.”

आफ्रिकेतील केनियाने याच वळणावर वेगळे पाऊल टाकले. तेथे २०१९ मध्ये ‘हुदुमा नंबा’ या नावाने प्रत्येकाला एक क्रमांक देण्याची मोहीम निघाली. न्युबियन या अल्पसंख्य समाजाला तेथे साधे ओळखपत्र मिळवण्यासाठीही वेगळ्या चौकशी समितीपुढे उभे राहावे लागत असे. ज्यांच्याजवळ जुना कागद नाही ते नव्या व्यवस्थेतूनही बाहेर फेकले जातील, हे ओळखून या समाजाच्या हक्कांसाठी लढणारी संघटना न्यायालयात गेली. जानेवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाने, आधी पुरेशी कायदेशीर चौकट आणा, मग पुढे जा, असे बजावले. ऑक्टोबर २०२१ मध्ये, माहितीच्या सुरक्षिततेवरील परिणामांचा अभ्यास न करताच कार्डे काढली म्हणून ती अंमलबजावणी बेकायदा ठरवली. सरकारला थांबवणारे हे लोक कोणी तंत्रज्ञ नव्हते. ज्यांना वगळले जाणार होते, तेच उठून उभे राहिले. नेतृत्व याला म्हणतात.

कोणी म्हणेल, तंत्रज्ञानात पर्याय नसतो. असतो! महाराष्ट्रातील दोन कर्जमाफी योजना शेजारी ठेवून पाहा. २०१७ च्या योजनेत शेतकऱ्याला पत्नीसह केंद्रावर जाऊन, अंगठा देऊन ऑनलाइन अर्ज भरावा लागला. रांगा लागल्या, याद्यांत चुका निघाल्या, वाटप रखडले. २०१९ च्या योजनेत अर्जच ठेवला नाही. बँकांनी आपल्याकडील खात्यांच्या याद्या दिल्या, शेतकऱ्याने फक्त आधार पडताळणी करायची आणि रक्कम मान्य नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जायचे. राज्य तेच, शेतकरी तेच, संगणकही तेच. फरक इतकाच की पहिल्या वेळी सिद्ध करण्याचा भार गरिबावर टाकला आणि दुसऱ्या वेळी तो बऱ्याच अंशी बँकेने उचलला. म्हणजे भार कोणावर टाकायचा, हा निर्णय माणूसच घेतो.

मग हाच न्याय शिष्यवृत्तीला का नाही? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात असतानाची आहे. आज तिच्यासाठी मुलाने दरवर्षी संकेतस्थळावर अर्ज भरायचा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते असे सगळे जमवायचे आणि एका अक्षराची तफावत निघाली तर फेऱ्या मारायच्या. जातीचा दाखला शासनाने दिला, परीक्षेचा निकाल मंडळाने दिला, प्रवेश महाविद्यालयाने नोंदवला. ही सगळी माहिती शासनाच्याच संगणकात असताना ती पुन्हा पुन्हा विद्यार्थ्याकडून का मागितली जाते? कर्जदाराची यादी बँकेकडून घेता येते, तर विद्यार्थ्यांची यादी महाविद्यालयाकडून का घेता येत नाही?

राजस्थानात हा प्रश्न विचारणारी माणसे सरकारबरोबर एका टेबलाशी बसली. माहितीच्या अधिकारासाठी लढलेल्या मजूर किसान शक्ती संघटनेसारख्या संघटनांनी अधिकाऱ्यांशी सातत्याने संवाद केला आणि १३ सप्टेंबर २०१९ रोजी ‘जन सूचना पोर्टल’ सुरू झाले. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार सरकारने न मागता माहिती द्यायची असते. आपल्या वॉर्डात रेशन कोणाला मिळाले, किती मिळाले, कामावर कोणाची हजेरी लागली, हे अर्ज न करता कोणालाही पाहता येऊ लागले. एरवी सरकार संगणकातून गरिबाकडे पाहते. येथे गरिबाला सरकारकडे पाहता आले. ई-शासन लोकशाहीचे आहे की नुसत्या हुकमतीचे, हे ओळखण्याची यापेक्षा सोपी कसोटी नाही.

आपल्या समाजातील हजारो तरुण-तरुणी आज पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबादच्या संगणक कंपन्यांत काम करतात. शिष्यवृत्तीच्या पायऱ्या चढूनच त्यातले बरेचजण तेथे पोहोचले आहेत. त्यांच्याकडे वर्गणी मागणे ठीक आहे. पण त्यांचे ज्ञान मागा. त्यांना एका टेबलावर बसवा, शिष्यवृत्तीचा, दाखल्याचा, घरकुलाचा अर्ज उघडायला लावा आणि विचारा, कोणती तारका कायद्याने लागली आणि कोणती कोणाच्या तरी सोयीने? त्या प्रत्येक बेकायदा तारकेविरुद्ध माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही किंवा नाकारली गेली तर दोन अपिले आणि त्यानंतर आयोगाकडे दाद मागता येते, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्जाची पोचपावती फेकू नका, तेच अपिलाचे हत्यार आहे.

आणि शासनाकडे मागणी करताना ‘संकेतस्थळ दुरुस्त करा’ एवढ्यावर थांबू नका. नवी प्रणाली सुरू होण्याआधी ज्यांच्यासाठी ती आहे त्या वस्तीत तिची जाहीर चाचणी झाली पाहिजे. अर्ज नाकारला तर त्याचे लेखी कारण आणि नाकारणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव मिळाले पाहिजे. यंत्र बंद पडले तर कागदावर हक्क मिळालाच पाहिजे. प्रणालीचे काम कंपनीला दिले तरी जबाबदारी सरकारचीच राहिली पाहिजे.

दप्तर हातात असणाऱ्यांनी शतकानुशतके आपल्याला दप्तराबाहेर ठेवले. आता दप्तर नव्याने लिहिले जात आहे. या वेळी आपण फक्त त्यातली नावे म्हणून राहायचे, की ते लिहिणाऱ्यांत बसायचे?