वजनाचा रकाना

आम्हा डहाणूकरांच्या महालक्ष्म्या दोन. एक विवळवेढ्याच्या डोंगरावरची, जिची जत्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होते आणि पुढे पंधरवडाभर चालते. दुसरी मुंबईची, जिच्या नावाच्या स्टेशनाजवळ १८८३ पासून घोड्यांच्या शर्यती भरतात. त्यामुळे ‘जरा महालक्ष्मीला जाऊन येतो’ असं घरातला कर्ता पुरुष म्हणाला, की बायामाणसं आधी महिना कोणता चाललाय ते मनातल्या मनात मोजायची. चैत्र असेल तर हातात नारळ दिला जाई. थंडीचे दिवस असतील तर मात्र पाकीट तपासलं जाई!

रेस हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय घरांत दबक्या आवाजातच उच्चारला जातो, आणि त्यात वावगं काही नाही. रेसपायी दागिने गहाण पडल्याच्या कहाण्या प्रत्येक गावात असतात. पण त्याच मांडवाखाली आणखी एक नाद नांदतो, त्याची कुणी फारशी दखल घेत नाही. तो म्हणजे घोड्यांचा अभ्यास करण्याचा नाद. कोणत्या घोड्याने किती वजन वाहिलं, किती अंतर कापलं, कोणाच्या मागे किती राहिला, याचा हिशेब मांडून पुढच्या शर्यतीचा अंदाज बांधायचा. शर्यतीच्या जगात याला हँडिकॅपिंग म्हणतात. मला हा नाद शाळकरी वयात लागला, तोही चिकूच्या वाडीत, आणि एक पैसा खर्च न करता.

डहाणू-घोलवड पट्ट्यातल्या अनेक वाड्या इराणी आणि पारशी कुटुंबांनी फुलवल्या. आमच्या घरामागची वाडीही अशाच एका इराणी शेठजींची. चिकूच्या पेट्या मुंबईला पोचवून परत येणारा त्यांचा माणूस येताना रेसचं पुस्तक आणायचा. दुपारी पडवीत आरामखुर्ची टाकून, कानावर पेन्सिल खोचून शेठजी ते पुस्तक असं वाचायचे, की एखाद्या पुराणिकाने पोथी वाचावी. मी शेजारी चिकू खात बसलेला. एकदा विचारलं, ‘यात पहिला आलेला घोडा कसा ओळखायचा?’ ते हसले. ‘दीकरा, पहिला कोन आला ते सगला गाव सांगेल. तू वजन बघ. पाठीवर किती होता, ते बघ.’

त्या पानावर वजनाचा एक बारीकसा रकाना होता. माझ्या आयुष्यातल्या अनेक रविवारांची दुपार त्या रकान्याने खाल्ली.

आता हे वजन म्हणजे काय? सगळे घोडे सारख्या ताकदीचे नसतात. ते तसेच पळवले, तर निकाल आधीच ठरलेला. म्हणून बलवान घोड्याच्या पाठीवर जास्त वजन द्यायचं, दुबळ्याच्या पाठीवर कमी. जॉकी आणि खोगीर मिळून वजन कमी भरलं, तर शिशाच्या पट्ट्या घालून ते पुरं करतात. आपल्याकडे घोड्याच्या मागच्या कामगिरीवरून त्याला गुण दिलेले असतात आणि एका गुणाला अर्धा किलो असा हिशेब असतो. जिंकला की गुण चढले, गुण चढले की पुढच्या वेळी वजन चढलं. हे ठरवणारा माणूस हँडिकॅपर. सगळे घोडे एकाच क्षणी रेषेवर पोचावेत, हे त्याचं स्वप्न. वाण्याच्या तराजूची एक बाजू झुकत असेल, तर दुसऱ्या बाजूला पासंग टांगतात ना, तसाच हा पासंग.

शब्दाची कुळकथाही मजेदार आहे. ‘हँड इन कॅप’ म्हणजे टोपीत हात. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये दोघांना आपापल्या वस्तूंची अदलाबदल करायची असली, की तिसरा पंच बसवत. कोणी वर किती पैसे द्यायचे हे पंच ठरवी. दोघे टोपीत हात घालून एकदमच बाहेर काढीत आणि सौदा मान्य आहे की नाही, हे त्या हातावरून कळे. हीच पंचाची कल्पना पुढे घोड्यांना लागू झाली. एकोणिसाव्या शतकात ॲडमिरल रौस नावाच्या दर्यावर्दी गृहस्थाने वयानुसार वजनाची कोष्टकं बसवून तिला शास्त्राचं रूप दिलं.

हँडिकॅपर घोड्यांना सारखं करायला बघतो आणि अभ्यासू वाचक त्याच्या हिशेबात राहिलेली फट शोधतो. सगळी गंमत या झटापटीत आहे. समजा, एक घोडा ६० किलो घेऊन पळाला आणि ५४ किलोवाल्याला त्याने एका लांबीने हरवलं. पुढच्या वेळी पहिल्याला ६२ आणि दुसऱ्याला ५४ च. दीड किलोला एक लांबी असा ढोबळ हिशेब धरला, तर वाढलेले दोन किलो ती लांबी गिळून वर थोडे उरतात. म्हणजे कालचा हरलेला आज थोडक्या अंतराने पुढे! पण मग अंतर वाढलंय का? पावसाने जमीन मऊ झालीय का? जॉकी बदललाय का? पावसाळ्यात पुण्याच्या आणि हिवाळ्यात मुंबईच्या शर्यतींचे निकाल वर्तमानपत्रातून कापून मी वहीत चिकटवत असे. सव्वाशे किलोमीटरवरचे ते घोडे मी पाहिलेलेही नव्हते, तरी प्रत्येकाचा स्वभाव मला ठाऊक असल्यासारखं वाटे.

इंडियन डर्बीचं शेठजींना फार कौतुक नसे. १९४३ साली सुरू झालेली ही शर्यत प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या घोडीने पहिल्यांदा जिंकली, हे ते अभिमानाने सांगत. पण डर्बीत वजन सगळ्यांना सारखं, घोड्यांपेक्षा घोड्यांना नव्हे तर फक्त घोडींना थोडी सूट. तिथे श्रेष्ठ कोण ते कळतं. त्यांना रस होता तो कोणी किती ओझं पेललं, यात.

आपल्या परंपरेला ही विद्या परकी नाही. महाभारतातला नल द्यूतात राज्य हरला आणि ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन राहिला. धावत्या रथातून ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं अचूक सांगितली. नलाने रथ थांबवून मोजून पाहिली, तेव्हा कुठे त्याला खरं वाटलं. मग दोघांनी विद्यांची अदलाबदल केली. नलाने अश्वविद्या दिली, ऋतुपर्णाने अक्षविद्या. नल ज्या फाशांनी बुडाला होता, त्यांतला हिशेब कळताच त्याच्या अंगातला कली बाहेर पडला. माझ्या मते या कथेचं मर्म इथेच आहे. माणसाला बुडवतो तो आंधळा खेळ.

सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या एका खटल्यात असाच भेद केला. घोड्यांच्या शर्यतीत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असतं, निव्वळ नशिबावर नाही, असं न्यायालयाने म्हटलं. करआकारणीत मात्र हा भेद उरलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरी, कॅसिनो आणि रेस एकाच ४० टक्क्यांच्या रांगेत बसल्या. याचं मला दुःख नाही. पैज लावायला सोपं जावं, असं मी मुळीच म्हणणार नाही. कौशल्य असलं तरी घर बुडायचं ते बुडतंच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तोही मला योग्य वाटतो. मोबाइलवरच्या त्या खेळांत विचाराला उसंतच नव्हती. मटक्याच्या आकड्यासारखं बोट दाबा आणि निकाल बघा. शेठजींच्या पडवीत एका निकालामागे आठवडाभराचं वाचन असे. पैसे काढून टाकले, तरी तो आनंद शाबूत राही. खरा नाद ओळखायची माझी कसोटी हीच आहे.

पुढे तलासरीच्या शाळेत मी गणित शिकवलं आणि गुणपत्रिका भरताना तो बारीक रकाना वारंवार आठवू लागला. एकाला ८५ टक्के. त्याला घरी दिवा, पुस्तकं, शिकलेले आईबाप. एकीला ५८. ती दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली, होळीला पाड्यावर परतलेली, आणि शाळेआधी पाणी भरून येणारी. कागदावर पहिला कोण ते स्पष्ट होतं. पण गुणपत्रिकेत वजनाचा रकानाच नव्हता. तिचे गुण वाढवा, असं मी म्हणत नाही. गुण हा गुणच. पण पुढच्या शर्यतीत कोण कुठवर जाईल याचा अंदाज बांधायचा, तर ते ५८ मला जास्त बोलके वाटत. घोड्याच्या पाठीवरचं शिसं निदान कोणीतरी मोजून चढवलेलं असतं आणि सगळ्यांसमोर छापलेलं असतं. माणसाच्या पाठीवरचं ओझं जन्मानेच चढतं, आणि बहुधा दुबळ्याच्याच पाठीवर.

दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांत पहिल्या आलेल्यांचे फोटो छापून येतात. मुलांचं कौतुक जरूर करावं. पण त्या दिवशी घरात मुलांशी बोलताना एक प्रश्न जोडून विचारावा, की यांच्यातल्या कोणी किती वजन वाहिलं असेल? उत्तर छापलेलं नसेल. ते अंदाजानेच बांधावं लागेल, आणि अंदाज बांधायचा तर त्या मुलाचं घर, गाव, रस्ता, सगळं समजून घ्यावं लागेल. एवढा अभ्यास करायला एक पैसाही लागत नाही.